चावी, गाय आणि मीठ-मोहऱ्या

मी जनावरांचा डॉक्टर. ज्याचा हात आठवड्यातून चार वेळा गाईच्या पोटात खांद्यापर्यंत जातो, त्याचा अमानवीय शक्ती वगैरेवर विश्वास बसणं जरा अवघडच. मूळचा पळसदेवचा, आता राहायला बारामतीत. गावाकडं कुणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की मी सरळ जांभई द्यायचो. तरी हे लिहितोय, कारण मनात ठेवून ठेवून कंटाळलो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारचे तीन, टळटळीत ऊन. पणदऱ्याजवळच्या एका वस्तीवरून काकूंचा फोन — "डाक्टर, मैना बसली. उठंना." मैना म्हणजे त्यांची गाय, आदल्या दिवशी व्यालेली. काका गेल्यापासून घरात या दोघीच. मी बाभळीखाली गाडी लावली, सवयीनं लॉक केली आणि नुसता स्टेथोस्कोप घेऊन गोठ्यात गेलो. गाईनं मान पोटाकडं वळवलेली, कान गार पडलेले. अंगातलं कॅल्शियम एकदम खाली गेलं होतं. शिरेतून बाटली लावली तर तासाभरात उठते, नाही लावली तर संपली.

आणि बाटली गाडीत!

रिमोटचं बटण दाबलं... काही नाही. लाल दिवाही लागेना. झटकला, पँटला घासला, हनुवटीला लावूनही दाबला — मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढली, तर ती दारात फिरेचना. एवढ्या वर्षांत कधी वापरली असेल तर शपथ! दुसरी चावी बारामतीत घरी, बायको शाळेत शिकवतेय, फोन बंद. मग नखानं रिमोट उघडला, सेल काढून पुसून पाहिला. मेलेलाच. तो सेल खिशात टाकला. काकू आतून त्यांचं साखर तपासायचं मशीन घेऊन आल्या. "ह्यात बी तसलाच बिल्ला हाय बघा." तो बसवला, तरी ढिम्म. त्यांचा सेल त्यांना परत दिला आणि रिमोटचं झाकण लावलं.

एक सांगायला हवं. महिन्यापूर्वी कोऱ्हाळ्यात अशीच एक गाय माझ्यासमोर गेली होती. वाटेत ट्रॅक्टरच्या मागं अडकलो, पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मालक एक शब्द वाकडा बोलला नाही, उलट चहा दिला. त्या चहापासून माझे हात थरथरायचे. सुई शिरेत जायला तीन-तीनदा टोचावं लागायचं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

शेवटी काच फोडायची ठरवली. एका हातात दगड, दुसऱ्यात तो मुडदा रिमोट... तेवढ्यात काकू मध्ये येऊन उभ्या. मुठीत मीठ-मोहऱ्या, दोन लाल मिरच्या!

"थांबा वाईच. दिष्ट काढती."

"काकू, तिकडं गाय मरतीय आणि तुम्ही चावीची दृष्ट काय काढताय? डोकं ठिकाणावर आहे का?" असंच बोललो मी. आज लाज वाटते.

"गप हुबं ऱ्हावा," त्या म्हणाल्या. मूठ माझ्या हातांवरून, रिमोटवरून तीनदा फिरवली, काहीतरी पुटपुटल्या आणि गाईचं पाणी तापत होतं त्या चुलीत टाकली. तडतड झालं.

आणि गाडी बोलली. टुक-टुक! इंडिकेटर लुकलुकले, आरसे उघडले. माझं बोट बटणावर नव्हतं, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगतो.

विचार करायला वेळ कुठं होता? दगड टाकला, बॅग घेऊन पळालो. बाटली हळूहळू सोडावी लागते, घाई केली तर हृदयच थांबतं. कानात ठोके, नजर बाटलीवर... अर्ध्या तासानं मैनेनं ढेकर दिला, शेण टाकलं, मागचे पाय रोवले आणि धडपडत उभी राहिली! वासरू लगेच कासेला. काकू तिच्या गळ्यात पडून रडल्या. मीही जरा... असो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी बायको कपडे धुवायला काढत होती. "अहो, हे काय खिशात?" तिच्या हातात रिमोटचा तो मेलेला सेल. मी रिमोट उघडला. आत काहीच नव्हतं.

गाडी घरी आली कशी, ते समजतं. सेल नसला तरी रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला की ती सुरू होते. मी तेच केलं होतं. "पण दार न्हाय उघडत," आमचा मेकॅनिक म्हणाला. "तुमी नीट लावलंच नसंल." लावलं होतं हो! मी स्वतः चारदा ओढून पाहिलं होतं.

काकूंना फोन केला. त्यांच्या मशीनचा सेल मशीनमध्येच होता, आत्ताच साखर बघितली म्हणाल्या. मी विचारलं, "काकू, चावीची दृष्ट काढताना नेमकं काय पुटपुटलात?"

त्या हसल्या. "किल्लीला कोन नजर लावतंय? अवो, तुमची काढली. दगड धरल्याला हात लटलट कापत व्हता तुमचा."

दार कसं उघडलं ते आजही सांगता येत नाही, सांगणारा कुणी भेटलाही नाही. पण फोन ठेवल्यावर एक आठवलं — त्या दुपारी सुई पहिल्याच टोचण्यात शिरेत गेली होती. त्यानंतर आजवर एकदाही चुकलेली नाही.