भरीतभाऊचं आडनाव

"याच्या हातचं नको रे बाबा. बाटेन ना मी."

हे हर्षल बोलला. माईकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाकीचे दोघं हसले.

कशाबद्दल बोलला ते सांगतो. मोबाईलवरचा गेम. चौघांची टीम एका बेटावर उतरते, बंदुका गोळा करते, शेवटपर्यंत जगते ती जिंकते. हर्षलला मार बसला होता, त्याची लाल पट्टी अर्ध्यावर आली होती. माझ्याकडे एनर्जी ड्रिंकचे डबे होते. एक डबा मी त्याच्या पायाशी टाकला. पडद्यावरचा डबा. त्यात पाणी नाही, साखर नाही. कोणाच्या घशाखाली एक थेंब उतरत नाही. तो डबा बाटला. माझ्या हातून गेला म्हणून.

रविवारची दुपार होती. धुळ्याच्या माझ्या खोलीत पत्रे तापले होते. मी पलंगावर मांडी घालून बसलो होतो. खेळत राहिलो.

थोड्या वेळाने मीच पडलो. या गेममध्ये पडलेला माणूस लगेच मरत नाही. सोबत्याने जवळ यायचं, खाली बसायचं, त्याला हात लावून उचलायचं. तेवढ्यासाठी थोडाच वेळ मिळतो. मी म्हटलं, "उचला मला." डॉक्टर शेजारच्याच भिंतीआड होता. डॉक्टर म्हणजे शिरपूरचा फार्मसी शिकणारा पोरगा, गेममधलं त्याचं जुनं नाव ते. त्याची पावलं मला हेडफोनमध्ये ऐकू येत होती. पावलं आली आणि थांबली.

"हर्षलभाऊ, उचलू का?"

त्याने हर्षलला विचारलं. पडलो होतो मी.

"पडू दे. नाहीतर आंघोळ करावी लागेल तुला."

पुन्हा हसणं. मी थोडा रांगलो आणि संपलो.

असल्या गोष्टी मी आजोबांकडून ऐकल्या होत्या. ओंजळ धरायची, वरून कोणीतरी पाणी ओतायचं, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. मला वाटायचं, ते आजोबांसोबत गेलं. कुठलं जातंय. गावात टॉवर आला, घरात वायफाय आलं, त्याच्यातून तेही आलं. ना आकार, ना वास, ना स्पर्श असलेल्या जागेत येऊन बसलं.

त्याच्याआधी मी भरीतभाऊ होतो.

मूळचा मी अमळनेरचा. धुळ्यात हायवेला कुरिअरच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. दिवसभर पार्सलवरची नावं वाचायची आणि गावागावाच्या ढिगात टाकायची. लोकांची नावं वाचून डोळे शिणतात. संध्याकाळी सुटलो की गेम. खातं उघडलं तेव्हा गेमने नाव मागितलं. मी घरी होतो, माय चुलीवर वांगी भाजत होती, सगळ्या घरात तो वास. मी लिहिलं, 'भरीत'. बस.

'भाऊ' मी लावलं नव्हतं. ते त्या लोकांनी लावलं. कारण मला कळायचं कुठे उतरायचं, कधी पळायचं, समोरचा कुठल्या झाडामागे बसला असेल. "भरीतभाऊ, बोला, कुठे उतरायचं?" हर्षल विचारायचा. जळगावकडचा हर्षल, बापजाद्यांची केळीची बाग, घरचे ट्रक. ज्यांच्या गाड्या भरायला आमच्यातली माणसं जातात आणि ज्यांच्या ओट्याच्या खाली बसून चहा पितात, त्या घरचा पोरगा मला भाऊ म्हणायचा, माझं ऐकून पळायचा. मी सांगितलं बस, की बसायचा. मला ते आवडायचं. का नाही आवडणार? आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं आधी ऐकलं होतं आणि मग मला जोखलं होतं.

मग नियम आला.

हर्षलच्या बहिणीला कोणीतरी खोट्या नावाच्या आयडीवरून घाणेरडं लिहिलं. ते वाईटच होतं. मीही भडकलो होतो, तो आयडी शोधून मीच तक्रार टाकली होती. दुसऱ्या दिवशी हर्षलने ग्रुपवर लिहिलं, "आजपासून इथे खरं नाव. नाव, आडनाव, गाव. गेममध्येही तेच. ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कसली?" सगळ्यांनी अंगठे दाखवले. दिसायला सरळ होतं सगळं.

आमच्या चौघांत तेव्हा मिठ्ठू होता, हेही गेममधलंच नाव. धुळ्याचाच, वडील लूमवर कापड विणतात. त्याचा नेम असा की समोरच्याला कळायच्या आत खेळ खलास. त्याने मला एकट्याला फोन केला.

"भाई, मैं निकल रहा हूँ."

"का रे?"

"मेरा नाम दिखा तो सामनेवाला गेम नहीं खेलता. इंडिया-पाकिस्तान खेलता है."

तो गेला. ग्रुपमध्ये हर्षल म्हणाला, "बघा, दाल में कुछ काला होगा." कोणी काही बोललं नाही. त्याच्या जागी हर्षलचा एक मित्र आला.

मी मायला फोन केला. का केला माहीत नाही, पण केला. तिला गेम कळत नाही, नावाचं बरोबर कळतं. ती अहिराणीत म्हणाली, "नाव इचारतस, मंग आडनाव, मंग गल्ली. बठ्ठं समजी जास त्यासले. तू नको लिखू." त्यांना त्यातून सगळं कळतं, असं तिचं म्हणणं.

"माय, त्या दोस्त शेतस." दोस्त आहेत ते, म्हटलं.

तिने फोन ठेवून दिला.

मी लिहिलं. नाव लिहिताना काही वाटलं नाही. आडनावापाशी अंगठा अडला. मग तेही लिहिलं. गाव लिहिलं.

हर्षलचा लगेच मेसेज आला. "अच्छा. अमळनेरला कुठे राहता तुम्ही? गावात की पलीकडे?"

"पलीकडे."

"अच्छा अच्छा."

एवढंच. कोणी शिवी दिली नाही, ग्रुपमधून काढलं नाही. हाका सगळे जुन्याच नावांनी मारायचे, फक्त त्या संध्याकाळी माझ्यातलं 'भाऊ' गळालं. "ए भरीत." दोन दिवसांनी तर मी काही सुचवलं की, "तुला विचारलं का?" जागा तीच, खेळ तोच, माझा मेंदूही तोच. आडनाव तेवढं पुढे आलं आणि बाकीचा मी मागे गेलो. आणि मग त्या रविवारचा तो डबा.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सोडलं? सोडणार होतो. पण फायनल होती.

धुळ्यात एका पुढाऱ्याचा वाढदिवस. त्यानिमित्त देवपूरच्या एका हॉलमध्ये गेमची स्पर्धा, मोठा पडदा, कॉमेंट्रीवाला. फायनलला आलेल्या टीमचे फोटो चौकातल्या बॅनरवर. बॅनरवर चढणं म्हणजे आमच्याकडे काय असतं ते बाहेरच्याला नाही कळणार. निवड झाली, बॅनर. गाडी घेतली, बॅनर. कुत्र्याचा वाढदिवस, बॅनर. आमच्या घरातलं कोणी अजून बॅनरवर चढलं नव्हतं, श्रद्धांजलीच्यासुद्धा. टीम फायनलपर्यंत आली होती माझ्या डोक्याच्या जोरावर, हे त्या तिघांनाही ठाऊक होतं. मायला मी सांगून बसलो होतो, "माझं नाव चौकात लागणार आहे. ये बघायला."

ती आली. सकाळची एसटी पकडून, लग्नाकार्यातली हिरवी साडी नेसून. मी तिला स्टँडवरून रिक्षाने चौकात नेलं. वर पुढारी हात जोडून उभा. खाली आम्ही चौघं. हर्षलच्या फोटोखाली त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, वर 'दादा'. डॉक्टरचं पूर्ण नाव. चौथ्याचं पूर्ण नाव. माझ्या फोटोखाली फक्त 'भरीत'.

माय चौथीपर्यंत शिकलेली. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचते. तिने सगळा बॅनर वाचला, डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडून.

"तुनं नाव कोठे शे?"

"छापणाऱ्याने चूक केली असेल," म्हणालो. ती पदराने तोंड पुसत राहिली.

हॉलवर हर्षलला गाठलं. विचारलं. तो आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाला, "अरे, तूच ठेवलंय ना हे नाव? आणि हे बघ, साहेबांचा बॅनर आहे. शंभर लोक वाचतात. उगाच चर्चा कशाला? समजून घे ना यार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग, खरं सांगतो, डोकं एकदम लख्ख झालं. ज्या नावाशिवाय यांच्या ग्रुपमध्ये राहता येत नव्हतं, तेच नाव यांना चौकात नको होतं. यांना माझं नाव हवं होतं ते मला कुठे बसवायचं हे ठरवायला. मिरवायची वेळ आली की मी भरीत. म्हणजे खरं नाव, खोटं नाव हा प्रश्न कधी नव्हताच. माझं नाव केव्हा उघडायचं आणि केव्हा झाकायचं हे कोण ठरवणार, एवढाच होता. आणि आजपर्यंत तेच लोक ठरवत आले होते.

स्टेजवर बोलावलं. चार खुर्च्या, चार फोन, समोर पोरंच पोरं. माय मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. कॉमेंट्रीवाल्याने नावं पुकारली. हर्षलचं आडनावासकट, टाळ्या. डॉक्टरचं, टाळ्या. चौथ्याचं. मग, "आणि आपले भरीत! सोबत भाकरी आणली का?" हॉल हसला. हर्षलही हसला.

मी खुर्चीत बसलो नाही. कॉमेंट्रीवाल्याकडे गेलो आणि त्याच्या हातातला माईक धरला. त्याला वाटलं मी गंमत करतोय, त्याने सोडला.

मी माझं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो हे सांगितलं. आडनाव सांगितलं, हळू नाही, ठासून. अमळनेरची गल्ली सांगितली, पलीकडची, हेही सांगितलं. मग म्हटलं, "हे नाव यांनी मागून घेतलं आणि बॅनरवरून पुसलं. हे बाटतात माझ्या हातच्या डब्याने. मोबाईलमधल्या डब्याने. मी यांच्यासोबत खेळणार नाही."

मध्येच माईकने किंचाळल्यासारखा आवाज काढला. काही पोरांनी मान वर केली, बऱ्याच जणांनी केली नाही, त्यांची नजर फोनमध्ये होती. एक जण शिट्टी मारून म्हणाला, "ए, मॅच सुरू करा ना." कॉमेंट्रीवाला म्हणाला, "ओके ओके, चला, पुढे जाऊ या."

स्टेजच्या पायरीवर हर्षलने माझा दंड धरला. घाम फुटला होता त्याला.

"भरीतभाऊ, डोकं शांत ठेवा. मॅच तर खेळा."

भाऊ परत आलं होतं. मी त्याच्या हाताकडे बघितलं. दंड चांगला घट्ट धरला होता, बाटायचं विसरला होता.

"हात लावलास मला," म्हटलं. "आता आंघोळ कर."

आणि उतरलो.

त्यांनी कोणालातरी माझ्या जागी बसवलं आणि ते जिंकले. हो, जिंकले. चषकासोबत फोटो निघाला, पुन्हा बॅनर लागला, त्यात चौघांची पूर्ण नावं होती. मला ते बघून वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. त्या वाटेने मी बरेच दिवस गेलो नाही.

अमळनेरच्या गाडीची वाट बघत माय स्टँडवर बसली होती. म्हणाली, "आते बठ्ठासले समजनं."

"समजू दे."

"कामवरना लोके काही म्हणतीन."

"म्हणू दे, माय."

तिच्या चेहऱ्यावर अभिमान वगैरे नव्हता. भीती होती. मी ती पुसायचा प्रयत्न केला नाही, कारण ती खरी होती. दुसऱ्याच दिवशी गोडाऊनमध्ये एकाने माझी पाण्याची बाटली बाजूला सरकवून ठेवली. मी ती उचलून परत मधोमध ठेवली. रोज ठेवतो.

आता मिठ्ठू आणि मी वेगळी टीम चालवतो. आमच्याकडे शिवीगाळ करणाऱ्याला हाकलतो, नाव कुठलंही असो, खरं असो, खोटं असो. आणि आडनाव विचारणाऱ्यालाही हाकलतो. पडलेल्याला उचलायचं, कोणाला न विचारता. त्यात काही मोठेपणा नाही, तो खेळच तसा आहे.

आता तुमच्याशी बोलतो. इतकं वाचलंत. वाचताना मनात माझं आडनाव शोधत होतात ना? कुठल्या गल्लीतला, कुठल्यातला, हाच असेल की तो? मला ठाऊक आहे, शोधलंत. धुळ्याच्या हॉलमध्ये ते मी ठासून सांगितलं, कारण तिथे ते झाकत होते. इथे मी ते लिहिलेलं नाही, आणि लिहिणार नाही, कारण इथे तुम्ही ते शोधताय. माझं नाव उघडणं माझ्या हातात आहे. झाकणंही माझ्याच हातात आहे. आडनाव कळल्याशिवाय माझ्यावर झालं ते खरं की खोटं हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्या टीममध्ये मी खेळत नाही.