तलावात बुडवलेली चाकपट्टी

आमच्या गावात दोन पक्ष होते आणि दोन्ही आमच्याच चुलीपाशी जेवत. एक पक्ष माझे वडील. दुसरा पक्ष माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बाकीचं गाव सकाळी याच्या बाजूनं तर संध्याकाळी त्याच्या बाजूनं असे. आई वाढताना दोघांना सारखाच भात वाढी आणि म्हणे, "खा मुकाट्यानं. पंचायत बाहीर."

मालगुजारी गेली आणि पंचायत आली त्या नवलाईच्या काळातली ही गोष्ट. मामा सरपंच झाला. सरपंच झाल्याबरोबर त्याला रस्ता दिसू लागला. दिसत होता तो फक्त त्यालाच, कारण आमच्या गावापासून मूलला जाणाऱ्या सडकेपर्यंत धानाच्या बांध्या आणि चिखल याखेरीज काही नव्हतं. रस्ता बांधायचा तर पैसा हवा. म्हणून त्यानं चाकपट्टी काढली. ज्या बैलगाडीला चाकं लागलेली असतील, तिच्या मालकानं दर जोडीमागे पंचायतीला कर द्यायचा.

वडील आमच्या घरच्या ओसरीवर उभे राहिले, आणि एखाद्या नाटकातला राजा राज्य सोडतो तसे हात पसरून म्हणाले, "चाकं लागलेली असतील तर? बरं!"

आमच्याकडे उन्हाचा कडाका सुरू झाला की गाडीच्या चाकांचं लाकूड आकसतं आणि वरची लोखंडी धाव ढिली होते. मग चाकं काढून चार-दोन दिवस तलावात भिजत घालतात. लाकूड फुगतं, धाव आवळली जाते. यात कोणाला काही गैर दिसत नाही. वडिलांनी आमची चाकं तलावात घातली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी घातली. होळीच्या आधीच सगळ्या गावाची चाकं पाण्यात गेली आणि दारोदार गाड्या पोटावर बसलेल्या म्हशींसारख्या बसल्या.

मामा पट्टी वसूल करायला निघाला.

"भाऊजी, चाकं कुठी हायेत?"

"भिजून राह्यली."

"माघापासून?"

"लाकूड जुनं हाये, सरपंच. तहान जास्त हाये त्याले."

आता रस्त्यासाठी मुरूम आणायचा तर गाडी नाही. मामा डगमगला नाही. पट्टी जमली की मजुरी, अशा बोलीवर त्यानं माणसं लावली, टोपल्यांनी मुरूम वाहायला. जिथे चार गाड्यांनी भागलं असतं तिथे अर्धं गाव डोक्यावर टोपली घेऊन चालू लागलं. मामा चौकात ओरडून सांगू लागला, "पाहा! पंचायतीनं घरोघरी काम देल्लं!"

"तुवा नाई देल्लं," वडील म्हणाले. "म्या चाकं बुडवली म्हणून भेटलं. गाड्या असत्या तं कोण वाह्यलं असतं टोपलं?"

वडिलांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी तलावातल्या चाकांवर राखण म्हणून ढिवरांपैकी तिघांना ठेवलं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी. आता ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झाडाखाली बसून पाण्याखालच्या चाकांकडे लक्ष ठेवू लागली. त्यांचा म्होरक्या, एक दाढीवाला म्हातारा, मला म्हणाला, "बापू, मासा पळते, त्याले राखाव लागते. चाक कुठी पळते? पन तुमचे वडील म्हन्तेत तं राखतो."

वडिलांनी ही तीन कामं आपल्या पक्षाच्या खाती लावली. मामानं लगेच जाहीर केलं की पट्टी नसती तर राखणही नसती, तेव्हा ती त्याचीच. त्या उन्हाळ्यात आमच्या गावाइतका रोजगार आख्ख्या चांदा जिल्ह्यात कुठे वाढला नसेल, आणि रस्ता मात्र हनुमानाच्या देवळापुढे गेला नाही.

या सगळ्यात माझं लग्न ठरलं होतं.

मुलगी तलावापलीकडच्या गावची. पाण्यावरून पाहिलं तर तिकडची घरं दिसत, जमिनीनं जायचं तर जंगलाला लांब वळसा. मुहूर्त गोरज. मला एवढंच हवं होतं की सूर्य बुडायच्या आत मी तिथे पोचावं आणि माझ्या मागे माझा मामा उभा असावा. नवरदेवाच्या मागे मामा नसला तर आमच्याकडे बायका वर्षभर बोलतात.

लग्नाच्या सकाळी चाकं वर काढली. ढिवरांनी बुड्या मारल्या, एकेक चाक चिखलातून उपसून पाळीवर लोटलं. प्रत्येकानं आपल्या चाकांवर गेरूची खूण केली होती. गेरूची! पाण्यात ठेवायच्या वस्तूवर! सगळी चाकं सारखीच काळी, शेवाळलेली आणि निनावी होती. ज्याच्या हाती जे आलं ते त्यानं लावलं. दुपारी वरात निघाली तेव्हा प्रत्येक गाडीचं एक चाक मोठं होतं आणि एक लहान. मी हळद लावून, बाशिंग बांधून, पुढच्या गाडीत उजवीकडे कललेला. माझी आत्या माझ्यावर कललेली. तिच्यावर फराळाची टोपली.

वेशीवर मामा उभा. डोक्याला लग्नाचा गुलाबी फेटा, आणि हात आडवा.

"चाकं लागली. पट्टी द्या."

वडील गाडीतून उतरले. त्यांना उतरायला कष्ट पडले नाहीत, गाडीनंच त्यांना ओतलं. "कोनती पट्टी? हे डावं चाक माहं नाई."

"उजवं?"

"उजवं असन माहं. पन जोडीवर पट्टी हाये ना? ही जोडी कुठी हाये?"

"मंग अर्धी द्या."

"अर्ध्या पट्टीचा ठराव कुठी हाये?"

मामानं पंचांना तिथेच, रस्त्यात, सभेला बसवलं. पंच वऱ्हाडीच होते. ते गाड्यांतून उतरले आणि बांधावर बसून अर्ध्या चाकपट्टीचा विचार करू लागले. सूर्य खाली आला. आई म्हणाली, "अवो, पोराचं लगन हाये!" दोन्ही पक्षांनी एकदमच तिला हातानं थांबवलं. त्या वर्षात त्यांचं एकमत झालेली ती एकच बाब.

तेवढ्यात तो म्हातारा ढिवर माझ्या गाडीपाशी आला. "बापू, उतर. डोंगा हाये."

"वरात डोंग्यातून?"

"डोंग्याले चाक नाई," तो म्हणाला.

मी, आई, आत्या आणि फराळाची टोपली एवढी वरात पाण्यातून निघाली. आत्यानं डोळे घट्ट मिटून घेतले आणि तीरावर पाय लागेपर्यंत उघडले नाहीत. पलीकडचे लोक सडकेकडे तोंड करून, वाजंत्री घेऊन उभे होते. आम्ही त्यांच्या पाठीमागून आलो. वाजंत्रीवाल्यांनी वळून पाहिलं आणि घाबरून जे सुचलं ते वाजवलं.

मुहूर्त टळत होता. भटजी म्हणाले, "मामा कोण?" मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो धोतर पिळून माझ्या मागे उभा राहिला. लग्न लागलं.

पंगत बसली तेव्हा बाहेर कर्रकर्र आवाज झाला. कललेल्या गाडीतून मामा आणि वडील उतरले. मंडपातल्या अक्षता पाहून मामा जो रडायला लागला, तो काही केल्या थांबेना. एवढा मोठा सरपंच, फेट्याच्या शेमल्यात तोंड खुपसून हुंदके देतोय. "माया भाच्याच्या मांगं मी नाई!" माझ्या सासऱ्यांना बघवेना. ते म्हणाले, "पुन्हा लावून टाका."

"मुहूर्त गेला," भटजी म्हणाले.

"खर्च माया!" मामा ओरडला. "भटजीले डबल, वाजंत्रीले डबल!"

वडील ताडकन उठले. "हा फिजूल खर्च हाये!"

"फिजूल काऊन? चार मानसाइले काम भेटून राह्यलं!"

वाजंत्रीवाले तोवर भात टाकून उठलेही होते. मला पानावरून उठवलं, बाशिंग पुन्हा बांधलं. पुन्हा अंतरपाट धरला गेला. माझ्या पाठीमागे मामा नाक ओढत, आणि त्याच्या मागे वडील दात खात उभे. भटजींनी मंगलाष्टकांना सुरुवात केली.

अंतरपाटाच्या पलीकडून आधी एक दबका आवाज आला. मग तो दबेना. माझी बायको हसत होती, तोंडातला बुंदीचा घास सांभाळत, खांदे हलवत. तिचा आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.