अंजूची आकाशातली कचेरी

फोन आला तेव्हा घरात मी, माझा मुलगा किसन, सून रंजना आनि शेजारची सखूबाय, एवढेच होतो. फोन दवाखान्यातनं होता. किसननं ऐकलं नि टीव्ही बंद केला... मी समजले. माझी लेक अंजू गेली. छत्तीस वर्सांची होती.

महाप्याला नोकरीला जायची. किडन्या गेल्या नि घरी बसली. मी सकाळी दिवाळे गावच्या बाजारात मासली विकायची, मग तिला डायलिसिसला न्यायची. चार-चार तास सुई लावून पडून राहायची पोर. सुईचा हात हलवायचा नाय, म्हनून मोबाईल मी धरायची. हाताला मासलीचा वास, पन कधी बोलली नाय. आकाशातल्या यानांची कसलीशी इंग्रजी शिरेल बघायची नि मला मराठीत सांगायची. त्यात सरकारचं एक खातं हाय, कुनालाच ठाऊक नसलेलं. एक पांढऱ्या केसांची बाई त्या खात्याच्या मागं लागते नि नायशी होते. सगळे म्हनतात मेली. अंजू म्हनायची, मेली नाय, खात्यानं लपवलीय. त्यावरनं मोबाईलवर देशोदेशीच्या लोकांशी भांडायची. लपवलीय तिथं त्या बाईला भाकर कोन घालतं गो, असं मी विचारलं की हसायची.

एकदा त्यात ओसाड गाव दाखवलं. रोगाला भिऊन लोक पळाले म्हने. मला दारांवर पांढरे आकडे दिसले. आमच्या मिठागरावर पन मानसं असेच आकडे टाकून गेलेली. आमी विचारलं तर ती मानसं म्हनाली, रस्ता मोजतो. मग मिठागर सरकारात गेलं, अंजूचा बाप हमालीला लागला...

मी म्हटलं, "अंजू, हे पळाले नाय. यांना उठवलंय. आधी मोजनी झालीये."

तिनं ते तीनदा बघितलं. मग मोबाईलवर लिहिलं, माझ्या आईनं शोधलं. कुनीतरी विचारलं, तुझी आई त्या खात्यात होती काय? हिनं लिहिलं, "नाय, ती बोंबील विकते." मला वाचून दाखवताना इतकी हसली, की नर्स बघायला आली.

शेवटचा भाग अजून यायचाय. तिला तेवढा बघायचा होता. "माझं खरं ठरलं तर पार्टी दे आये," म्हनायची. घरात ते इंग्रजी कुनाला कळत नाय. दुपार झाली की माझा हात आपसूक वर जातो, मोबाईल धरल्यागत...

वाचनाऱ्यांनो, तुमच्यात कोन ती शिरेल बघत असंल, तर सकाळी दिवाळ्याच्या बाजारात या. अंजूची आई कुठं बसते विचारा, कोनपन दाखवील. ती पांढऱ्या केसांची बाई जिती निघाली का, तेवढं सांगा. नसंल निघाली तर तसंच सांगा. माझं मन राखायला खोटं बोलू नका.