शरयूचा आवाज नक्की कुठला?

लंडनच्या एका रेडिओ केंद्रावर शरयू टिपणीस रोज सकाळी बातम्या वाचायची. साताऱ्यात वाढलेली ही मुलगी पत्रकारितेच्या शिष्यवृत्तीवर विलायतेला गेली आणि तिथेच रुळली. बातम्या वाचता वाचता तिचं इंग्रजी असं कडक इस्त्रीचं झालं, की टॅक्सीवाले मागे वळून विचारायचे, रेडिओवरच्या त्या बाई तुम्हीच का?

अतुल मूळचा नागपूरचा. शिकायला म्हणून न्यू जर्सीत आला आणि पुढे अमेरिकेचाच नागरिक झाला. त्याच्या औषध कंपनीने त्याला काही वर्षांसाठी लंडनला धाडलं, तिथे शरयूशी सूत जुळलं, लग्न झालं, नीना झाली. मग २००२च्या वसंतात कंपनीने त्याला परत बोलावलं आणि बिऱ्हाड न्यू जर्सीतल्या एडिसनला आलं.

शरयूने आसपासच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या रेडिओ स्टेशनांना आपल्या टेप पाठवल्या. एका मॅनेजरने बोलावून कॉफी पाजली, तोंडभर कौतुक केलं आणि शेवटी म्हणाला, आवाज सुंदरच आहे हो, पण आमचे लोक हायवेवर अडकलेले असतात, त्यांना ट्रॅफिकची बातमी थेट राजवाड्यातून आल्यासारखी वाटेल. शरयूने हा किस्सा घरी हसत हसत सांगितला. भांडी मात्र त्या संध्याकाळी जरा जोरातच आपटली.

लंडनचा जुना संपादक कॉलिन अधूनमधून तिच्याकडून फोनवर छोटे वृत्तांत घ्यायचा. ती लायब्ररीत बसून आकडे गोळा करायची, वाक्यं घासूनपुसून लिहायची. कॉलिन ती आडवेळेला लावून टाकायचा.

एडिसनच्या एका छोट्या स्टेशनवर रविवारी सकाळी भारतीय भाषांचे कार्यक्रम होत. मराठी मंडळाला त्यात अर्धा तास मिळाला आणि तो शरयूच्या गळ्यात पडला. पहिल्या रविवारी तिने ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणून सुरुवात केली. हवामान झालं, मंडळाच्या सूचना झाल्या, गृहकर्जाच्या दरांकडे गाडी वळली. तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या शोभनाकाकू होत्या. एडिसनमधल्या निम्म्या मराठी घरांत त्यांचा हक्काने वावर.

“मराठी छान आहे हो तुझं,” काकू म्हणाल्या, “पण तू बोलतेस कुणाशी? मी इथे मेथी निवडत बसलेय. माझ्याशी बोल की.”

हे सगळं थेट प्रसारित झालं. शरयू क्षणभर गडबडली. मग हातातला कागद बाजूला ठेवून तिने विचारलं, मेथी कुठल्या दुकानातली? काकूंनी दुकान सांगितलं, आणि ते ऐकून दुसऱ्या एकीने फोन करून सांगितलं की तिथली मेथी नुसती देठं असते. अर्धा तास कसा सरला ते कळलंच नाही. त्यानंतर दर रविवारी फोनची लाइन मोकळी म्हणून मिळेना.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शरयू एका अर्थतज्ज्ञाची मुलाखत घ्यायला मॅनहॅटनला गेली होती. मुलाखत आटोपून ती रस्त्यावर आली आणि सिग्नल बंद पडले. बघता बघता इमारती रिकाम्या होऊन माणसं फुटपाथवर आली. दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर कुणी विसरलं नव्हतं. सगळे आधी आकाशाकडे बघत होते. मग एका गाडीच्या रेडिओवरून कळलं, हल्ला वगैरे काही नाही, अर्ध्या मुलुखाची वीज गेलीय. तिथून पुढे लोकांचे चेहरे सैल झाले.

मोबाइल लागेना. सार्वजनिक फोनपुढे रांग होती, ती रांगेत उभी राहिली. पर्समध्ये साताऱ्याला आईला फोन करायचं कॉलिंग कार्ड होतं. त्यावरून तिने लंडन लावलं. कॉलिनने विचारलं, किती राज्यं, किती लोक, नक्की माहिती काय आहे तुझ्याकडे?

“काहीच नाही,” शरयू म्हणाली. “मला समोर दिसतंय ते सांगू शकते.”

त्याने तिला तसंच प्रसारणावर घेतलं. शरयूने डोळ्यांपुढे शोभनाकाकूंना बसवलं आणि बोलायला लागली. सुटाबुटातला एक गृहस्थ कोट काढून चौकात ट्रॅफिक हाकतोय. आइस्क्रीमवाला माल वितळायच्या आत फुकट वाटत सुटलाय. बायका सँडल हातात घेऊन अनवाणी बोटीच्या धक्क्याकडे निघाल्यात. रांगेतल्या मागच्या नर्सने हे ऐकलं आणि विचारलं, माझी बहीण लिव्हरपूलला असते, ती काळजीत असेल, मी बोलू का? शरयूने रिसीव्हर तिच्या हातात दिला. त्यानंतर रांगेतला प्रत्येक जण बोलला. कार्ड संपलं तेव्हाच कॉलिनने त्यांना सोडलं.

ती बोटीने नदीपलीकडे उतरली, तर अतुल अंदाजानेच धक्क्यावर चिवड्याचा डबा घेऊन उभा होता. तिला बघून त्याने आधी डबा पुढे केला, मग मिठी मारली.

लंडनने तिला दर आठवड्याची ठरलेली वेळ दिली, आणि २००६मध्ये थेट सकाळचा मुख्य कार्यक्रमच देऊ केला. आधी महिनाभर येऊन बघ म्हणाले. शरयू हरखून गेली. पण तिथे ती लिफ्टला अमेरिकनांसारखं ‘एलिव्हेटर’ म्हणाली की सहकारी हसायचे आणि एका श्रोत्याने तक्रार केली, ही अमेरिकन बाई कुठून आणलीत? रविवार आला की तिला एडिसनच्या फोनची आठवण यायची. महिना संपल्यावर तिने नकार कळवला आणि घरी येऊन अतुलला सांगितलं.

“मी ऑफिसात लंडनच्या बदलीचं बोलून ठेवलं होतं,” तो म्हणाला. “आता कॅन्सल करतो.”

त्याने हे तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बोलून पोट भरणारी बाई ती, नुसतीच त्याच्या शेजारी बसून राहिली.

कॉलिन चारसहा दिवस रुसला, मग त्याने तिला अमेरिकेची वार्ताहर नेमलं. २००८ या अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात ती दक्षिणेतल्या अल्फारेटाच्या स्वयंपाकघरांत बसली, पश्चिम किनाऱ्याकडच्या बेलव्ह्यूच्या ऑफिसांबाहेर उभी राहिली आणि आयोवाच्या बर्फात घसरून दोनदा आपटली. मधल्या काळात ती नागरिकही झाली होती. नोव्हेंबरात सकाळी शाळेच्या जिममध्ये तिने पहिल्यांदा मत दिलं आणि बाहेर पार्किंगमधून लंडनला फोन लावला. थंडीने बोटं आखडली होती.

अमेरिकन लोकांना काय हवंय, निवेदकाने विचारलं.

“त्यांना,” असं म्हणून शरयू अडखळली. “नाही, आम्हाला...” आणि तिथून पुढे ती बराच वेळ बोलत राहिली.