सोनबांचा गुरुवार

वारज्याच्या सोनबांनी कर्वेनगरात पिठाची गिरणी टाकली तेव्हा तिथे शेतं जास्त आणि सोसायट्या कमी होत्या. पुढे सोसायट्या आल्या, त्यांच्यामागून डबे आले आणि डब्यांमागून हुकूम. "अहो, गव्हावर गहूच दळा. ज्वारीवर टाकलंत तर परत नेणार नाही." सोनबा मान हलवायचे आणि पीठ बारीक येतंय का ते बघायला थेट धारेत तोंड घालायचे. केस पांढरे होऊ नयेत म्हणून डोक्याला टॉवेल असे. नाक धंद्याला मोकळं.

पन्नाशीनंतर खोकला लागला. संध्याकाळ झाली की छातीत शिट्ट्या. गुरुवारी मात्र आराम पडे. गुरुवारी सोनबांना दत्ताचा उपास, तेव्हा श्रेय कुणाचं यावर घरात वादच नव्हता. एका उपासाने एवढा गुण, म्हणून त्यांनी सोमवार धरला, मग शनिवारही. छाती ऐकेना, लेंगा तेवढा सैल झाला. शेवटी त्यांच्या पत्नीने, मथुराबाईंनी, त्यांना पेठेतल्या यज्ञेश्वर डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं. काटा जेमतेम हलला.

"गुरुवारीच बरं वाटतं? काय करता त्या दिवशी?"

"उपास."

"आणि गिरणी?"

"बंद. गुरुवारी लाईट नसती."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आठवडाभर गिरणी बंद ठेवा. आणि गुरुवारी पोटभर जेवा."

"उपास मोडू?"

"दत्ताला माझं नाव सांगा."

त्या गुरुवारी सोनबा पिठलं-भाकरी चोरासारखी जेवले आणि कोपाची वाट बघत बसले. कोप आला नाही, खोकलाही आला नाही. आठवड्याने डॉक्टरांकडे नळीतला काटा चांगला वर गेला. मग डॉक्टरांच्याच सांगण्यावरून गिरणी पुन्हा सुरू केली. संध्याकाळी शिट्ट्या हजर, काटा खाली.

"पिठाच्या धुळीचा दमा," डॉक्टर म्हणाले. "औषध देतो. पण गिरणीत राहिलात तर औषधाचा उपयोग नाही. दोन्हीपैकी एक काय ते ठरवा, दम किंवा दळण."

परतताना रस्त्यात सोनबा म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं गुण देवाचा नव्हता, वीज मंडळाचा हुता?"

"देवानंच सुट्टी लावून दिली म्हना," मथुराबाई म्हणाल्या. "आता ती रोजची घ्या."

"रोजची घेतली तर खायचं काय?"

"गिरणीच्या आधी शेतावर काय खात हुतो, त्येच."

मुलगा संपत गिरणी चालवायला तयार होता. सोनबांनी ऐकून घेतलं नाही. "त्याला बी नाकच हाय," म्हणाले.

शेवटी मांजरी गावचा एकजण यंत्र घ्यायला आला. पट्टा ओढून बघितला, दगड चाचपले, मग विचारलं, "एवढी चालती गिरणी का विकताय? यंत्रात काही खोट?"

"यंत्र झकास हाय," सोनबा लांबूनच म्हणाले. "तू तेवढं नाकाला फडकं बांध, आन् धारंत तोंड घालू नको."

तो हसला. सोनबा हसले नाहीत. त्याने 'बांधतो' असं तोंडाने म्हटल्याशिवाय त्यांनी यंत्र टेम्पोत चढू दिलं नाही.