नाकोबाचं नाक

कापड रंगवायच्या कारखान्यात रसायनांची कोठी सांभाळणाऱ्या माणसाला सगळे नाकोबा म्हणत, आणि त्याला ते मनातून आवडायचंही. कॅनचं झाकण किलकिलं करायचं, एकदा हुंगायचं आणि हे ॲसिड, हे ब्लीच असं सांगून मोकळं व्हायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. लेबलं काय, ओलाव्यानं गळून पडायची. नाक मात्र जागच्या जागी होतं, निदान दिसायला तरी. खरी गोष्ट अशी की गेले आठ महिने त्या नाकाला कशाचाही वास येत नव्हता.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. तेही, चुलीवर भाजीचा पार कोळसा झाला तरी हा गृहस्थ शेजारी बसून निवांत पेपर वाचत होता म्हणून. आता तो कोठी जागेवरून चालवायचा. डावीकडच्या मांडणीवर ॲसिड, उजवीकडच्या मांडणीवर ब्लीच. हुंगायचं सोंग मात्र रोजचं. कुणाला कळलं तर कोठीची किल्ली जाईल आणि आपल्याला गेटवर माल उतरवायला उभं करतील, ही धास्ती त्याच्या मनात घर करून बसली होती.

त्यात सुरक्षा प्रशिक्षणाच्या बाई आल्या. त्यांचं पहिलंच वाक्य, "कुठल्याही डब्याला नाक लावायचं नाही." झालं, नाकोबाच्या मनात पाल चुकचुकली. तीस माणसांत बाईंनी नेमकं आपल्याकडेच का पाहावं? तो पहिल्या रांगेत बसला होता, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग फॉर्म वाटले. चौथा प्रश्न होता, 'वास येण्यात काही फरक पडला आहे का?' आता मात्र त्याची खात्रीच पटली. कुणीतरी चुगली केलीय. बायको असेल? काल ती फोनवर हळू आवाजात बोलत होती. दाताच्या डॉक्टरांची वेळ घेत होती म्हणे. दाताच्या डॉक्टरांशी इतकं हळू बोलतात होय? त्यानं दात-ओठ खात, ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीत त्याचा जुना दोस्त रंगारी शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तब्येत बरी आहे ना तुझी?" हाही सामील. नाकोबानं डबा उचलला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन जेवला.

दुपारी तो कोठीत शिरला आणि जागीच थबकला. मांडण्या पुसून नवी लेबलं लावायची म्हणून बाईंनी सगळे कॅन अंगणात काढायला लावले होते, आणि हमालांनी ते जमेल तसे परत रचले होते. सगळे पांढरे, सगळे सारखे, आणि नवी लेबलं अजून लागायची होती. डावं-उजवं उरलंच नव्हतं.

तेवढ्यात रंगारी एक कॅन उचलून आला. "टाकीत ब्लीच कमी पडतंय. हे ब्लीचच ना? बघ जरा."

बाई दारातच उभ्या होत्या. सापळा तो हाच, नाकोबाला वाटलं. त्यानं झाकण उघडलं, हुंगलं. काही नाही, नुसती हवा. 'हो' म्हटलं की किल्ली वाचणार होती. पण हे ॲसिड निघालं आणि ब्लीचच्या टाकीत पडलं, तर जो विषारी वायू उठेल त्यात पहिलं तोंड रंगाऱ्याचं असणार.

"मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "आठ महिने झाले, मला वासच येत नाही. बाईंना ठाऊकच आहे."

"मला कोण सांगणार, काका?" बाई चकित झाल्या. "तो प्रश्न सगळ्यांच्याच फॉर्मवर असतो."

त्यांनी हातमोजे चढवले आणि कागदाची एक पट्टी कॅनात बुडवली. ती लाल झाली.

"ॲसिड," त्या म्हणाल्या.

रंगारी भिंतीला टेकून खाली बसला. तो चिडेल, शिव्या घालेल, असं नाकोबाला वाटत होतं. पण त्याची नजर त्या पट्टीवरच होती.

"माझं नाक तर तीन वर्षांपूर्वीच गेलं," तो म्हणाला. "म्हणून तर प्रत्येक कॅन तुझ्याकडे आणतो."

नाकोबानं बाईंकडून आपला फॉर्म मागून घेतला, 'नाही' खोडून 'हो' लिहिलं, आणि पेन रंगाऱ्याच्या हातात दिलं.