पाहुणा धरून घेतलेली बॅटरी

आमच्या वऱ्हाडात विजेची कुठलीही वस्तू घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याच्यावर कूलर चालन का?" इन्व्हर्टर घेताना तो विचारतात, जनरेटर घेताना विचारतात, आणि नवीन घराचं वायरिंग करताना तर मिस्त्री स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मीही तो विचारला. ऐन डिसेंबरात, अंगात स्वेटर असताना, तंबूत न्यायच्या बॅटरीचा डबा घेण्यासाठी अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानात उभी होते तेव्हा. शेजारी उभ्या असलेल्या आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती पूर्वी पाठ न करता वर्गात आलेल्या पोरींकडे पाहत असे.

डबा तिच्यासाठीच घ्यायचा होता. आईला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री ती नाकावर मास्क लावून झोपते आणि उशाशी ठेवलेलं लहानसं मशीन त्यातून हवा सोडत राहतं. एक रात्रही खाडा करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे जिथे प्लग तिथेच आई. त्यामुळे तिचं बाहेर मुक्कामाला जाणं बंदच झालं होतं.

ते बंद होणं साधं नव्हतं. अकोल्या-अमरावतीच्या शाळांमधून निवृत्त झालेल्या आठ-दहा बायकांचा तिचा एक घोळका आहे. दर हिवाळ्यात या बाया कुठे ना कुठे तंबू ठोकून राहतात. कधी चिखलदऱ्याला, कधी कुणाच्या शेतात. दिवसभर भटकायचं, संध्याकाळी गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची आणि नवऱ्यांच्या, सुनांच्या, मुख्याध्यापकांच्या नकला करत हसून लोळायचं. आईने मशीनबद्दल त्यांना अवाक्षर सांगितलं नव्हतं. "थंडी सोसत नाही आता," एवढंच कळवून ती दोन हिवाळे घरी बसली. मास्कची तिला लाज वाटायची. "सोंड लावल्यावानी दिसते मी," असं ती एकदा मला म्हणाली होती, आणि मी हसले नव्हते.

या वर्षी मुक्काम वरूडजवळच्या संत्र्याच्या बागेत ठरला. शेतातली लाईट पाळीची, कधी दिवसा, कधी रात्री, आणि मनात आलं तर दोन्ही वेळा नाही. तरी आईने अकोल्याहून फोन केला आणि म्हणाली, "मले यंदा जायचं हाय. वय काही थांबून नाही राह्यलं माह्यासाठी. बॅटरी घेऊ. पण स्वस्तातली, अन् माह्या पेन्शनीतून. तू मधात पडू नको."

ती अमरावतीला माझ्याकडे राहायला आली आणि मी अर्थातच मधात पडले. मी गणिताच्या शिकवण्या घेते, तेव्हा हिशोब माझाच, असं मी गृहीत धरलं होतं. आणि दुकानात जाऊन पहिलंच कूलर विचारून बसले. दुकानदाराला तेच हवं होतं. त्याने एक चकचकीत डबा पुढे केला, "कूलर काय, मॅडम, मिक्सर चालते याच्यावर!"

"किती वेळ?" आईने विचारलं.

"तसं नसते काकू, याची पॉवर पाहा नं..."

"भाऊ, मी अकोल्याची हावो. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येते. तू मले धार केवढी मोठी ते सांगून राह्यला. मी विचारते, ड्रम केवढा हाय?"

मी वर्षानुवर्षं वॅट आणि वॅट-अवर यांतला फरक पोरांना समजावते आहे. फळ्यावर चौकोन काढते, सूत्रं लिहिते, तरी निम्मी पोरं जांभया देतात. आईने तो एका ड्रममध्ये बसवला. त्या चकचकीत डब्याची धार मोठी होती आणि ड्रम बादलीएवढा. मिक्सर फिरला असता, पण तिचं मशीन पहाटेपर्यंत चाललं नसतं. तिला धार बारीकच पुरणार होती. मशीनमध्ये हवा कोमट करणारी पाण्याची डबी असते, खरी वीज तीच खाते. ती एक रात्र काढून ठेवली तर चालेल, हे तिने डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं.

मग तिने खालच्या फळीवरचे दोन साधे डबे काढायला लावले, एक लहान, एक मधला. दोन्ही मागच्या वर्षीचे. रंगीत पडदा नाही, फक्त चार हिरव्या रेघा. सोबत फुकट मिळणारं सोलरचं पॅनेल नाही की मोबाईलवरून चालू-बंद करायची सोय नाही. "आता भरून ठेव दोन्ही. उद्या सकाळी येतो," ती दुकानदाराला म्हणाली. तो "बरं" म्हणाला, पण आपण काय कबूल करतो आहोत याची त्याला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईने पिशवीतून जुने शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब, दोन होल्डर आणि लोकरीचं विणकाम काढलं. दोन्ही डब्यांवर एकेक बल्ब लावला, स्टूल ओढलं आणि बसली. दुकानदाराला वाटलं, पाच-दहा मिनिटांत उठेल. ती उठेना. गिऱ्हाइकं येत होती, बल्बांकडे आणि तिच्याकडे पाहत होती, "काय चालू हाय?" विचारत होती. ती टाके न चुकवता सांगायची, "ड्रम गळते का पाहून राह्यली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे पालक समोरून गेले. "आई, डब्यावर लिहिलेलं असतं सगळं," मी दातओठ खात म्हटलं.

"गाइडावर बी लिहिलेलं असते, शंभर टक्के पास," ती म्हणाली.

दुकानदार आधी वैतागला, मग त्याला मजा वाटू लागली, आणि शेवटी त्याने चहा मागवला. लहान डब्याचा बल्ब विझला तेव्हा आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि विणत राहिली. मधल्याचा बल्ब जेवणाची वेळ टळून गेली तरी जळतच होता. तो विझला तेव्हा दुकानदारच म्हणाला, "मानलं काकू. मले बी मालूम नव्हतं, एवढा चालते म्हणून."

आता हिशोब माझ्या हातात आला. तिचं मशीन, डबी काढल्यावर, त्या बल्बच्या चौथाईएवढंसुद्धा खात नव्हतं. म्हणजे लहान डबा तिला रात्रभर पुरून वर उरत होता. हलका, स्वस्त, कडेवर उचलून नेता येईल असा. मी दुकानदाराला म्हटलं, लहानच बांधा.

"मधला दे," आई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. सकाळपासून तिथे बसून जे सिद्ध केलं तेच ही बाई मोडीत काढत होती! तो जड होता, तिने ठरवलेल्या पैशांच्या बाहेर जात होता, आणि त्यातली निम्मी वीज तशीच राहणार होती. हे सगळं मी भर दुकानात चढ्या आवाजात बोलून दाखवलं.

"झालं बोलून?" तिने विचारलं. "आमच्या घरी पाणी भरताना एक पाहुणा धरून भरतात. घरात माणसं किती, एवढ्यावर ड्रम नसतो घ्यायचा." आणि विणत होती ती शाल यंदा अर्धीच राहू दे, उरलेल्या लोकरीचे पैसे यात घालते, असं म्हणून तिने पैसे दिले.

मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मुक्कामाच्या सकाळी डबा, मशीन आणि तिला गाडीत घातलं आणि वरूडला निघालो. निघताच ती म्हणाली, "मावशीच्या घरून घे."

मावशी म्हणजे तिच्याच घोळक्यातली मैत्रीण, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. दिवसभर सगळ्यांना हसवणार आणि सूर्य कलला की हमखास शेवटची बस पकडून घरी परतणार. "मले माह्याच गादीवर झोप येते बाप्पा," हे तिचं कित्येक वर्षांचं पालुपद. तिची त्यावरून थट्टाही व्हायची. आताही ती फाटकाशी फक्त पर्स घेऊन उभी होती. "मी संध्याकाळी वापस येते हो, पोरी," गाडीत बसण्याआधीच तिने मला सांगून टाकलं.

आई खाली उतरली. "तुह्यं मशीन घेऊन ये," ती म्हणाली.

"कोणतं मशीन?"

आईने आपल्या नाकाच्या दांड्यावर बोट ठेवलं, जिथे मास्कने पडलेला लालसर वळ सकाळी उशिरापर्यंत राहतो. आई माझ्याकडे आल्यापासून तो वळ मी रोज पाहत होते. मावशीच्या नाकावरही अगदी तिथेच तसाच वळ होता, आणि तो मी आत्ता पाहिला.

मावशीचा चेहरा उतरला. "कवापासून मालूम हाय तुले?"

"मले मशीन लागलं तवापासून. बॅटरी दोघींपुरती हाय. जाय, आण. अन् ते पाण्याची डबी घरीच ठेव, ते लई खाते."

मावशी आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, डोळे पुसलेले, खांद्याला मशीनची करडी बॅग, अगदी आईच्यासारखी. मी गाडी सुरू केली. गणित शिकवणारीचं गणित कुठे चुकलं ते मला कळलं होतं आणि आईचा इतका अभिमान वाटत होता की तिच्याकडे पाहायची सोय नव्हती. मागे दोघी मास्क कुठला चांगला, पट्टा कुठे काचतो, यावर अशा बोलत होत्या, जशा बायका साड्यांवर बोलतात.

मी त्यांना बागेत सोडून परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आणायला गेले तेव्हा तंबूजवळ डब्यावर एकच हिरवी रेघ उरली होती. आई चूल फुंकत होती. मावशी अनवाणी झाडांमधून चालत होती, पायाला गवत चिकटलेलं. मला पाहून तिने हाक मारली.

"पोरी, इकडे ये. पाहाटे संत्र्याखाली कसं दव पडते, मी त इसरूनच गेली होती."